दिव्याला भोक पाडणारे रुपरावजी

हे मी लिहिणारच नव्हते. परवा टाइपिंग क्लासात मशीनमध्ये कागद घातला, एक ओळ मारली आणि कागद ओढून पर्समध्ये कोंबला. कारण रुपरावजींबद्दल लिहायचं तर मी काय केलं तेही लिहावं लागतं, आणि ते काही सांगण्यासारखं नाही. पण पोळ्याला आता सतराच दिवस उरले. तोवर लोक त्यांच्याकडे दिवे घेऊन आले नाहीत तर रुपरावजी आपली पत्र्याची पेटी कायमची बंद करणार आणि खापरखेड्याला लेकीच्या क्वार्टरात जाऊन बसणार. त्यांना तसं बसायचं नाहीये. मला दुसरं काही करता येत नाही, टाइप तेवढं भराभर येतं. म्हणून आज एका बैठकीत मारून टाकते. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

सुरुवात आमच्या बाबांच्या गाडीपासून करते. गाडी सेकंडहँड, हिरवट रंगाची, आणि पावसाळा लागला की तिच्या मागच्या लाल दिव्यांत पाणी साचायचं. थोडंथोडकं नाही, अर्धा दिवा! वळणावर ते पाणी इकडून तिकडे हलताना दिसायचं. बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क, त्यामुळे ऑफिसात सगळ्यांना आयता विषय. "कृष्णकांतराव, धरण कुठवर भरलं?" असं रोज कोणीतरी विचारायचंच. बाबा हसण्यावारी न्यायचे. पण जुलैमध्ये एक दिवस सीताबर्डीत बाबांनी ब्रेक मारला, मागचा दिवा लागलाच नाही आणि एक सायकलवाला येऊन धडकला. त्याला फारसं लागलं नाही, पण बाबांचा चेहरा पांढरा पडला. तसेच आम्ही गिरिधरशेठच्या दुकानासमोर जाऊन थांबलो. गाड्यांचे सुटे भाग विकतात ते.

शेठ म्हणाले, "साहेब, नवा सेट टाका. जुन्याला काय बघून राहिले?"

त्याच दुकानाच्या पायरीच्या एका टोकाला, पोतं अंथरून एक म्हातारेसे गृहस्थ बसले होते. धोतर, खाकी शर्ट, खांद्यावर पांढरा दुपट्टा. शेजारी पत्र्याची पेटी, तिच्यात सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, कैची, पेचकस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, दाभण आणि दात झिजलेला एक ब्रश. तेच रुपरावजी.

बाबांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते उठून आले. एक पाय जरासा ओढत होते.

"साहेब, मागचा दिवा लावा न जरा."

"आता? दिवसाढवळ्या?"

"म्हनूनच त हा दुपट्टा हाय."

आणि त्यांनी काय केलं माहिती आहे? गाडीच्या मागे उकिडवे बसले आणि दुपट्टा स्वतःच्या डोक्यावरून दिव्यावर टाकून घेतला, जुने फोटोग्राफर कसे काळ्या कापडात डोकं घालायचे, तसं. येणारेजाणारे थांबून पाहायला लागले. मला तर हसू आवरेना. तेवढ्यात कापडाखालून आवाज आला, "हसू नको वं, अंदर ये. तू बी पाह्य."

मी खरंच आत डोकं घातलं. आत अंधार, ट्यूबच्या रबराचा वास, आणि त्यांच्या तळहातावर उजेडाची एक बारीक रेघ पडलेली. सुतासारखी. तळहात हलवला की रेघ हलायची.

"उजेड जिथून भाईर निंगते, पानी तिथूनच अंदर येते," ते म्हणाले. "आता सांग, कुठून निंगून राहिला?"

मला वाटलं काचेच्या कडेतून. तिथून नव्हता. मागून, जिथं वायर आत शिरते तिथून होता. मग त्यांनी डिकी उघडायला लावली, डिकीच्या रबराचा एक कोपरा बोटानं दाबला, पिचपिच पाणी निघालं. म्हणजे पाणी शिरत होतं वर डिकीच्या कोपऱ्यातून, वायर धरून खाली उतरत होतं, आणि दिसत होतं दिव्यात! मागच्या तीन पावसाळ्यांत बाबांनी काचेचं रबर तीनदा बदललं होतं.

"हे कुठं शिकलात तुम्ही?" बाबांनी विचारलं.

"कवेलू फेरता फेरता."

आमच्या वयाच्या मुलामुलींना कदाचित माहीत नसेल. आधी नागपुरात घरोघरी कवेलूंची, म्हणजे कौलांची, छपरं होती आणि मृग लागायच्या आधी ती फेरून घ्यावी लागत. माणूस छपरावर चढायचा, फुटके कवेलू काढायचा, माकडांनी सरकवलेले नीट बसवायचा. रुपरावजींचं गाव सावनेरकडचं. शेती होती, पण भाऊ चार आणि जमीन एकाला पुरेल एवढी, म्हणून हे पंधराव्या वर्षापासून उन्हाळाभर नागपुरात छपरं फेरत हिंडले. भर दुपारी घराची दारं-खिडक्या लावून घ्यायची, आत उभं राहून वर पाहायचं. जिथून कवडसा पडतो तिथं खडूनं खूण. पण त्यांचे काका त्यांना सांगायचे, गळती जमिनीवर जिथं पडते तिथं वरचं भोक कधीच नसतं, वासा धरून पाणी कुठल्या कुठं चालत येतं. हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं की शेवटी छप्पर काय आणि दिवा काय, त्यांना एकच.

मग लोकांनी स्लॅब टाकायला सुरुवात केली. "स्लॅबावर मले कोन बोलावते? दरसाली चार घरं कमी व्हायचे." एक दिवस धंतोलीत एका वकिलाचं छप्पर फेरून खाली उतरले, तर खाली ड्रायव्हर गाडीच्या दिव्यातलं पाणी काढत शिव्या देत होता. रुपरावजी म्हणाले, थांब गा, पाहू दे. ती एकाहत्तरची गोष्ट. तेव्हापासून तेरा वर्षं ते या पायरीवर होते आणि फक्त दिवेच करत होते. इंजिन नाही, ब्रेक नाही. कोणी दुसरं काम आणलं की म्हणायचे, "ते मले समजत नाई."

असं सगळं बोलत बोलत त्यांचे हात चालू होते. कैचीनं ट्यूबचं पॅकिंग कापलं, एका फटक्यात, माप न घेता. वायर दिव्यात शिरायच्या आधी थोडी सैल सोडली, झोक्यासारखी खाली लोंबवली. "पानी आता झोक्याच्या बुडाशी येईल अन् टपकून जाईल. वर कोन चढते?" मी म्हटलं, वा! मला ते इतकं आवडलं. आणि मग त्यांनी दाभण घेतलं, शेजारच्या चहावाल्याच्या शेगडीत लाल केलं, आणि दिव्याच्या खालच्या अंगाला, चांगल्या लाल काचेत, म्हणजे आपण तिला काच म्हणतो पण असतं ते प्लॅस्टिक, खुपसलं. चर्र झालं, धूर निघाला.

"अहो काका, फोडलं तुम्ही!" मी केवढ्यानं तरी ओरडले.

माझ्या ओरडण्यानं गिरिधरशेठ बाहेर आले. ते वाटच पाहून राहिले असतील.

"देखा साहेब? पाणी बंद करायला दिला आणि यानं भोक पाडलं! तेरा सालसे मी हेच बघून राहिलो."

रुपरावजी ब्रशनं भोकाची कड साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "शेठजी, तुमच्या दुकानाच्या टिनाले पन्हाळी काहून लावली मंग?"

"पाणी जायला!"

"हव न. मीबी तेच केलं."

लोक हसले. चहावाला तर जास्तच हसला. शेठ लालेलाल झाले. म्हणाले, ठीक आहे, ही एवढी गर्दी साक्षीला आहे. डावा दिवा तू केला, उजवा माझा कारागीर करेल, चारी बाजूंनी मसाला भरून, हवा जायला जागा ठेवणार नाही. आठ दिवसांनी साहेब गाडी घेऊन येतील. तुझ्या दिव्यात पाणी निघालं तर ही पायरी सोडायची.

बाबा म्हणाले, अहो कशाला हे. पण रुपरावजी म्हणाले, "चालते." मग आमच्याकडे वळून म्हणाले, आणि हे मी माझ्या या दोन कानांनी ऐकलंय, म्हणूनच जास्त वाईट वाटतं, "साहेब, एक ध्यानात ठेवा. घाम येईल. दिवा तापते, वरून थंडं पानी पडते, अंदर घाम सुटते. मानसाले नाई सुटत? घाम म्हंजे गळती नोहोय. घाम वाळते, गळती वाळत नाई. एक उनाचा दिवस जाऊ द्या, मंग पाहा."

बाबा म्हणाले, बरं. मीही मान हलवली.

हे सोमवारी झालं. गुरुवारी धो धो पाऊस. बाबा मला कॉलेजमधून घेऊन सीताबर्डीला आले, मला पुस्तक घ्यायचं होतं, त्यांना बँकेत काम. गाडी शेठच्या दुकानापासून थोडी अलीकडे लावली. बाबा बँकेत गेले, मी छत्री घेऊन गाडीच्या मागे गेले. उजवा दिवा चकाचक, आत थेंब नाही. डाव्या दिव्याच्या आतून धुकं धरलेलं, आणि तीन-चार थेंब ओघळत होते.

मी क्षणभरही थांबले नाही. काहून थांबले नाही, ते मला आजही सांगता येत नाही. ते भोक डोक्यात बसलं होतं की मी आधी ओरडले ते बरोबर होतं हे दाखवायचं होतं, कोण जाणे. मी तिथूनच हाक मारली, "शेठजी! काकांच्या दिव्यात पाणी आलं!"

शेठ छत्रीशिवाय धावत आले. पाहिलं. परत पायरीशी गेले. मी मागोमाग. रुपरावजी छज्ज्याखाली पाय पोटाशी घेऊन बसले होते.

"उठ. हो गया फैसला."

"आठ दिवस ठरले होते न, शेठजी. ऊन त पडू द्या."

"पोरीनं स्वतः सांगितलं. ज्यांची गाडी त्यांचीच पोरगी! विचार तिला."

रुपरावजींनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हटलं, "हो, आहे ना पाणी. मी आत्ताच पाहिलं."

"पानी नोहोय ते, बाई," ते एवढंच म्हणाले. मग कैची पेटीत ठेवली, ट्यूबचे तुकडे ठेवले, दाभण ठेवलं, पोतं झटकून घडी केली. पावसासाठी दुपट्टा डोक्यावर घेतला आणि निघाले, तो पाय ओढत, बसस्टॉपकडे. चहावाला शेगडीवरून म्हणाला, "रुपरावजी, चहा त घेऊन जा." ते थांबले नाहीत. मी बाबांना गाडीत सांगितलं, शेठ जिंकले. बाबा म्हणाले, "ऊन कुठं पडलंय अजून?"

रविवारी कडक ऊन पडलं. बाबा अंगणात गाडी पुसत होते, त्यांनी मला हाक मारली. डावा दिवा कोरडा. पापडासारखा कोरडा. उजव्यात तळाशी दोन बोटं पाणी. शेठच्या कारागिरानं काच इतकी पक्की बंद केली होती की वायरीवरून उतरलेलं पाणी आत गेलं आणि त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. दोन दिवस पुन्हा पाऊस झाला, पाणी अर्ध्याच्या वर गेलं, बल्ब बुडाला. बाबांनी पेचकसानं मसाला खरवडायचा प्रयत्न केला तर काच तडकली.

बाबा मला रागावले असते तर बरं झालं असतं.

मी सायकल काढली आणि थेट सीताबर्डीला गेले. शेठसमोर, दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगितलं की रुपरावजींचा दिवा कोरडा आहे आणि तुमच्यात मासे सोडता येतील. शेठ म्हणाले, "हो का? गरम होके क्या फायदा, बेटी. तूच तर सांगितलं होतं." गिऱ्हाईकं हसली. मला तिथं रडूच फुटलं. चहावाल्यानं मला स्टुलावर बसवलं आणि पत्ता दिला. खापरखेडा, पॉवरहाऊसची कॉलनी, लेक गोपिका, जावई बॉयलरवर आहे.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून बस धरली. कॉलनीत विचारत विचारत गेले. गोपिकाताईंनी दार उघडलं, मी नाव सांगायच्या आतच म्हणाल्या, "तुम्हीच काय त्या पानीवाल्या बाई?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार?

रुपरावजी आत खाटेवर, पंख्याखाली बसले होते. समोर चहाची कपबशी, हातात काही नाही. मी त्यांना पहिल्यांदाच रिकाम्या हातांनी पाहिलं आणि ते मला एकदम फार म्हातारे वाटले. मी माफीचं जे काही बसमध्ये पाठ केलं होतं ते आठवायच्या आत त्यांनी विचारलं, "उजव्यात किती?"

"अर्ध्याच्या वर."

"अन् डाव्यात?"

"कोरडा. एकदम कोरडा, काका."

"वायरचा झोका तसाच हाय न? कोनी ओढला त नाई?"

मी नाही म्हटलं आणि मग रडत रडत माफी मागितली. त्यांनी दुपट्ट्याच्या टोकानं चष्मा पुसला. "माफी कायची? डोळ्यानं पाह्यलं तेच सांगितलं तू. फकत लवकर सांगितलं."

"मग चला ना परत!"

"त्या पायरीवर? नाई. मेलो तरी नाई."

"कुठंच नाही जात ते," गोपिकाताई दारातूनच म्हणाल्या. "मागच्या साली एकानं न पाहता गाडी मागं घेतली अन् बाबाच्या पायावर आणली. दोन महिने मी केलं सारं. बाबाचं वय काय आता गाड्याच्या बुडाशी बसायचं? अथी काय कमी हाय तुमाले, बाबा? दोन टाइम गरम जेवन, पंखा, नातवंडं."

"काई कमी नाई वं माय. म्हनूनच त." रुपरावजी वर पाहून म्हणाले, "दिवसभर हा स्लॅब पाहतो. त्या कोपऱ्यात ओल हाय, पन त्याचं भोक सापडत नाई मले. चार दिवस झाले. भैताड, पागल होऊन राहिलो मी इथं."

गोपिकाताई हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही पाठवलं नसतं. तरी मी बोलतच सुटले, आमच्या प्रताप नगरात रस्ते रिकामे आहेत, धोंडबांच्या सायकल दुकानाच्या बाजूला कडुनिंब आहे, तिथं गाडी मागे यायला जागाच नाही, मागं भिंत आहे, बाबा बोलतील धोंडबांशी. बाबांना मी विचारलंही नव्हतं! शेवटी बापलेकीत ठरलं. पोळ्यापर्यंत. तोवर रोज हाताला काम राहिलं तर रुपरावजी दिवाळीपर्यंत राहतील, नंतर पुढचं पुढे. नाही राहिलं तर पोळ्याच्या सकाळी गोपिकाताई स्वतः येतील, त्यांना घेऊन जातील आणि पेटी भंगारात देतील. रुपरावजी म्हणाले, "चालते." शेठला म्हणाले होते अगदी तसंच.

आता ते धोंडबांच्या दुकानाशेजारी बसतात. धोंडबा जुन्या ट्यूब फुकट देतात आणि वर टोमणेही. "काय रुपरावजी, आज कोनाच्या दिव्याले नाक टोचलं?" रुपरावजी म्हणतात, "तुह्या पंक्चरपेक्षा बरं हाय गा, मी भोक पाडून पैसे घेतो, तू बुजवून." दोघं हसतात. पण बारा दिवसांत कामं आली तीन, त्यातलं एक आमचा उजवा दिवा. कारण सीताबर्डीतली गोष्ट त्यांच्या आधी इथं पोचली आहे. परवा एक स्कूटरवाले थांबले, चौकशी केली, आणि म्हणाले, "अरे, ते भोकवाले तुम्हीच का?" आणि किक मारून निघून गेले. रुपरावजी ब्रश घेऊन साफच असलेलं पेचकस साफ करत बसले. ती गोष्ट पसरवणारी पहिली मी. म्हणून हे लिहिणं माझ्याकडे आलं.

तर तुम्ही जा. घरी गाडी असेल तर गाडी न्या, स्कूटर असेल तर स्कूटर, तिच्याही मागच्या दिव्यात पाणी जातंच. वडिलांना सांगा, मामाला सांगा, शेजाऱ्यांना सांगा. प्रताप नगरात धोंडबांचं सायकल दुकान विचारलं तर कोणीही सांगेल. सकाळी नऊपासून ते असतात. दिव्याला भोक पाडलं तर ओरडू नका. दुपट्ट्याखाली बोलावलं तर लाजू नका, आत डोकं घाला आणि तळहातावरची ती उजेडाची रेघ पाहा. आणि दुसऱ्या दिवशी काचेवर धुकं दिसलं तर बाप्पा, कोणालाही काहीही सांगू नका, आधी ऊन पडू द्या. दिवा कोरडा असला तरी जा, डिकीचं रबर दाखवा, काहीतरी विचारा, त्यांना खूप माहिती आहे. गोपिकाताईंची बस पोळ्याच्या सकाळी दहाला पोचते. त्याच्या आधी जा.